पूर्वेला गुणाजीचं घर

नाही म्हणायचं ते आपल्या तोंडानं म्हणायचं नाही, वडिलांच्या तोंडानं म्हणायचं, एवढाच एक छोटा निर्णय विद्याधर रिसबुडानं साहेबाच्या टेबलासमोर उभ्याउभ्या घेतला. एरवी निर्णय घ्यायला त्याला फार वेळ लागतो. (छत्री काळ्या दांड्याची घ्यावी की वेताच्या, या विचारात त्याचा एक आख्खा पावसाळा भिजत गेला होता.) हा मात्र झटकन घेतला गेला, आणि पुढं जे काही झालं ते त्या झटकन घेण्यामुळंच झालं.

छप्पन साल, दिवाळी नुकतीच संपलेली. साहेब म्हणाला, "रिसबूड, कलकत्त्याच्या शाखेत हेडक्लार्कची जागा आहे. तुमचं नाव मी सुचवलंय. काँग्रॅच्युलेशन्स."

कलकत्ता म्हणताच विद्याधरनं आधी दाराकडं पाहिलं. माणूस भित्रा होता अशातला भाग नाही. मुलुंडात तो चांगला धीट होता. भाजीवाल्याशी भांडायचा, लायब्ररीत मोठ्यानं बोलायचा, एकदा तर म्युनिसिपालिटीच्या माणसाला त्यानं "तुम्ही स्वतःला समजता कोण" असंही विचारलं होतं. पण हा सगळा धीटपणा मुलुंडापुरता होता. तिथं त्याला सगळे ओळखत होते, आणि ओळखीच्या माणसांत शूर असायला फारसं काही लागत नाही. कलकत्त्यात त्याला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं.

हे साहेबाला कसं सांगणार? पंचेचाळिशीचा गृहस्थ, एका मुलीचं लग्न करून तिला नाशकाला धाडलेला. तो म्हणणार की सर, मला भीती वाटते? म्हणून तो म्हणाला, "माझं काही नाही सर. मी आज निघायला तयार आहे. पण वडील आहेत. सत्तरी उलटली. ते काही मुलुंड सोडायचे नाहीत, आणि त्यांना असं टाकून..." इथं त्याचा आवाज थोडा भरून आला. (तो आपोआप भरून आला याचं त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.)

साहेब मद्रासकडचा. वडिलांचं नाव निघालं की विरघळायचा. म्हणाला, "फादर नको म्हणत असतील तर माझा आग्रह नाही. विचारून बघा. निघायच्या दिवसापर्यंत केव्हाही सांगा, मी नंदकुमारला पाठवीन." पलीकडच्या टेबलावरच्या नंदकुमारनं हे ऐकून मान वर केली. नंदकुमारचं लग्न व्हायचं होतं आणि तो कुठंही जायला तयार असायचा.

म्हणजे सगळं अण्णांवर येऊन ठेपलं. अण्णांनी एक 'नाही' म्हटलं की सुटलो. आणि अण्णा नाही म्हणणार याबद्दल विद्याधरला काडीचीही शंका नव्हती. पोस्टातून रिटायर झाल्यापासून अण्णा कधी ठाण्यापलीकडं गेले नव्हते. सकाळी पंचांग, दुपारी झोप, संध्याकाळी समोरच्या गुणाजीच्या ओट्यावर सोंगट्या. हा माणूस कलकत्त्याला जातोय? घरी जाताना विद्याधरनं स्टेशनबाहेर चांगली पिवळीधमक केळी घेतली. सुटकेच्या आनंदात माणूस केळी घेतो.

चहा झाल्यावर त्यानं चेहरा शक्य तेवढा लांब केला आणि म्हणाला, "अण्णा, एक वाईट बातमी आहे. माझी कलकत्त्याला बदली होतेय. तुम्हाला काही जमायचं नाही, मला कळतंय ते. तुम्ही नुसतं नाही म्हणा, मी साहेबाला सांगतो."

अण्णांनी बशी खाली ठेवली. मिशीला लागलेला चहा पुसला. म्हणाले, "कधी निघायचं?"

विद्याधरला वाटलं, वय झालंय, नीट ऐकू आलं नसेल. "अण्णा, कलकत्ता म्हणतोय मी. बंगाल."

"अरे, पोस्टात जन्म काढला मी. कलकत्ता कुठं आहे ते मला सांगतोस? हजारो पाकिटांवर शिक्के मारले त्या गावाच्या. एकदा बघू तरी, एवढी पत्रं जातात ती कुठं जातात."

विद्याधरनं आशेनं वसुधाकडं पाहिलं. बायकांचा जीव घरात अडकलेला असतो असं त्यानं ऐकलं होतं. वसुधा केळ्याची सालं गोळा करत होती. ती उठून स्वयंपाकघरात गेली, आणि थोड्या वेळानं आतून भांडी घासल्याचा आवाज आला. घासायची भांडी तिनं चहाआधीच घासून ठेवली होती.

त्या दिवसापासून विद्याधरनं अण्णांना घाबरवायचं काम हाती घेतलं. वरवर मात्र तो तयारी करत होता. ऑफिसात सगळ्यांनी पाठीवर थापा मारल्या, बोरीबंदरला हार घेऊन येतो म्हणाले. कुणीतरी सुचवलं की मुलुंडकरांनी कल्याणला जाऊन मेल पकडावी, तेच सोयीचं. विद्याधरनं ते धुडकावून लावलं. हार बोरीबंदरला येणार होते. (जायचं नव्हतं हे खरं, पण हार घालून घ्यायला काय हरकत होती?)

"अण्णा, तिथं ब्राह्मणसुद्धा मासे खातात."

"खाईनात का. माझ्या पानात वाढत नाहीत ना?"

"डास फार आहेत म्हणे."

"मिठागराशेजारी राहून तू मला डासांची भीती घालतोस?"

"भाषा येत नाही आपल्याला."

"तुझ्या आईला तरी माझी भाषा कुठं कळायची? चाळीस वर्षं संसार केला."

शिवाय गुणाजी होताच. गुणाजी मालवणचा. तरुणपणी बोटीवर खलाशी, मग गिरणीत, आणि आता मुलुंडला जागेचा तुकडा घेऊन त्यावर कौलारू घर बांधून बसलेला. कलकत्त्याचं बंदर त्यानं पाहिलेलं. तो सोंगट्या टाकताटाकता अण्णांना धीर द्यायचा. "अण्णानू, ज्या गावात नारळ गावता, थंय माणसान भियाची गरज नाय. थंय नारळ आसत. मी बघितलंय."

विद्याधरचं आणि गुणाजीचं तसं काही वाकडं नव्हतं, पण त्या आठवड्यात मात्र गुणाजीला दुसरा काही उद्योग असता तर बरं झालं असतं असं त्याला फार वाटलं.

घरात सामान बांधायला सुरुवात झाली. वसुधा ट्रंक भरायची आणि विद्याधर ऑफिसातून आला की ती उघडायचा. "हे कशाला? पातेली तिथं मिळत नाहीत का? आणि हा खलबत्ता? आधी नीट विचार करू." विचार करण्यासाठी सगळं बाहेर निघायचं, खोलीभर पसरायचं, आणि विचार काही व्हायचा नाही. सकाळी वसुधा पुन्हा भरायची. संध्याकाळी पुन्हा विचार. दोन खोल्यांच्या त्या बिऱ्हाडात चालायला जागा राहिली नाही. अण्णा खलबत्त्यावर पाय आपटून एक दिवस लंगडले. आणि वसुधाच्या चहात साखर कमी पडू लागली.

शेवटी त्याला पंचांगाची आठवण झाली.

आता विद्याधर हा सुधारलेला माणूस. अण्णांनी तिथी सांगितली की तो नाक मुरडायचा. "ग्रहांना माझ्याकडं बघायला वेळ आहे का?" असं त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं आणि ते तो पाहुण्यांसमोर हटकून म्हणायचा. पण अडचणीत सापडलेल्या माणसाला सुधारणा परवडत नाही. एका संध्याकाळी अण्णा गुणाजीकडं आणि वसुधा नळावर असताना त्यानं खुंटीवरचं पंचांग काढलं आणि दाराकडं एक डोळा ठेवून वाचलं. दहा मिनिटांत त्याला हवं ते सापडलं. सोमवार आणि शनिवार, पूर्वेला दिशाशूळ. म्हणजे त्या वारी पूर्वेकडं प्रवासाला निघायचं नाही. आणि कलकत्ता? पूर्वेला. अगदी नाकासमोर पूर्वेला. त्यानं पंचांग खुंटीला लावलं आणि बऱ्याच दिवसांनी शीळ घातली.

दुसऱ्या दिवशी बोरीबंदरच्या खिडकीवरचा बाबू म्हणाला, "शुक्रवारच्या मेलला जागा आहे."

"शनिवारची द्या."

"शुक्रवारी खिडकीजवळची आहे."

"शनिवारचीच द्या हो. मधली चालेल."

घरी येऊन त्यानं तिकिटं अण्णांसमोर ठेवली. "शनिवारचीच मिळाली. काय करणार?" आणि कोपऱ्यात बसून तो वाट बघू लागला. अण्णांनी चष्मा लावला, बोटांवर काही मोजलं, खुंटीवरून पंचांग काढलं. क्षणभर त्याच्याकडं बघत राहिले. मग उघडून पानावर बोट ठेवलं.

"विद्याधर, शनिवारी पूर्वेला दिशाशूळ आहे रे."

"अरे अरे," विद्याधर म्हणाला. "मग तर प्रश्नच मिटला. पंचांगाबाहेर कसं जायचं?"

अण्णांनी मान वर केली. "तुला पटतं हे?"

आता माघार घ्यायची सोय नव्हती. "पटतं," तो म्हणाला. "अलीकडं पटायला लागलंय."

अण्णांनी चष्मा काढून उपरण्यानं डोळे टिपले. त्यांचे खांदेसुद्धा थोडे हलले. विद्याधरला मनातून फार लाज वाटली. म्हाताऱ्याला केवढा आनंद झाला बघा, आयुष्यात पहिल्यांदा पोरगा पंचांगाला मान देतोय, आणि आपण काय करतोय? त्यानं स्वतःला बजावलं की मुलुंडातच राहायचं ठरलं की अण्णांना एक नवी काठी घेऊन द्यायची.

"मग काळजी करू नकोस," डोळे टिपून झाल्यावर अण्णा म्हणाले. "यावर उपाय आहे. आपण गुरुवारी प्रस्थान ठेवू."

"काय ठेवू?"

"प्रस्थान. निघायचा दिवस वाईट असला तर आधीच्या चांगल्या दिवशी घरातून निघून त्या दिशेच्या शेजाऱ्याकडं थांबायचं. म्हणजे प्रवास त्या चांगल्या दिवशी सुरू झाला असं धरतात. मग शनिवारी नुसतं पुढं जायचं."

हे विद्याधरच्या हिशेबात नव्हतं. पण त्याला अंधुकसं आठवलं की लहानपणी आई उपरण्यात सुपारी-हळकुंड बांधून शेजारी ठेवायची. तो सावरून म्हणाला, "ठेवा की. सुपारी बांधून देऊ गुणाजीकडं."

"सुपारी ठेवणं म्हणजे आपलं अडलेल्याचं काम. खरं प्रस्थान म्हणजे जाणाऱ्यानं स्वतः जाऊन राहायचं. आणि जाणारा कोण? ज्याची बदली झाली तो. गुरुवारी सकाळी तू उंबरा ओलांडायचास. एकदा ओलांडला की शनिवारपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही. टाकलंस तर प्रस्थान मोडलं आणि प्रवास रद्द. मग मात्र मी कलकत्त्याला येणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

आणि गुणाजीचं घर गल्ली ओलांडून बरोब्बर पूर्वेला होतं. सूर्य रोज त्याच्याच कौलांवरून वर यायचा.

गुरुवारी सकाळी विद्याधरनं देवाला नमस्कार केला. वसुधानं हातावर दही घातलं, अण्णांनी नारळ दिला, आणि हातात धोतर, पंचा आणि दाढीचं सामान घेऊन तो कलकत्त्याला निघाला. गल्लीत दोन-चार शेजारी जमले होते. एकानं तर "पत्र पाठवा" असंही म्हटलं. पंधरावीस पावलांत प्रवास संपला आणि गुणाजीनं ओट्यावर घोंगडी झटकून दिली. "या सायबानू. हयसर बसा. इलात एकदाचे."

परगाव म्हणजे काय असतं ते विद्याधरला त्या दिवशी कळलं. गल्ली तीच, पण सगळं उलटं. रोज ज्या बाजूनं ऊन यायचं तिथून सावली यायची. गुणाजीच्या घरी पाणी माठातलं नाही, कळशीतलं. चहा गुळाचा. जेवायचा डबा वसुधा पाठवायची म्हणून पोटाची आबाळ नव्हती, पण विमलाबाईंनी, म्हणजे गुणाजीच्या बायकोनं, दुपारी बांगडे तव्यावर टाकले आणि विद्याधर नाकाला पंचा लावून ओट्याच्या टोकाला जाऊन बसला. गुणाजी आतून म्हणाला, "कलकत्त्याची प्रॅक्टिस समजा."

पण खरा त्रास बांगड्यांचा नव्हता. ओट्यावरून त्याला त्याचं स्वतःचं घर दिसत होतं. पुढची खोली, स्वयंपाकघराची खिडकी, सगळं. इतकी वर्षं तो त्या घरातून बाहेर बघत आला होता. बाहेरून घराकडं असं बसून कधी बघितलंच नव्हतं. आणि आत बांधाबांध चालली होती, ती त्याच्याशिवाय. तो ओट्यावरून ओरडायचा, "अगं, ती पाटी उलटी बांधतेयस." वसुधा मान हलवायची आणि तशीच बांधायची. अण्णा दोऱ्या ओढत होते. ट्रंका भरत होत्या, बंद होत होत्या, आणि बंदच राहत होत्या. संध्याकाळपर्यंत निम्मी खोली रिकामी दिसायला लागली. हे काही बरं चाललेलं नव्हतं.

एक गोष्ट त्याला तिथून ऐकू आली आणि ती त्याला काही केल्या समजेना. वसुधा गात होती. नीट गाणं असं नाही, अधूनमधून एखादी ओळ, मग थांबायची, मग पुन्हा तीच. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती अशी गायची. मग कधी बंद झालं ते त्याच्या ध्यानात नव्हतं. बंद झालंय हेसुद्धा त्याच्या आज ध्यानात आलं.

शुक्रवारी दुपारी त्यानं शेवटचा विचार पक्का केला. उपाय अण्णांनीच सांगून ठेवला होता. घरात एक पाऊल टाकायचं. बस्स. चुकून, सवयीनं, काहीतरी विसरलं म्हणून. प्रस्थान मोडेल, अण्णा यायचे नाहीत, उद्या सकाळी साहेबाच्या घरी निरोप, आणि नंदकुमार निघेल कलकत्त्याला. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. गुणाजी आत घोरत होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. विद्याधर उठला आणि गल्ली ओलांडून स्वतःच्या दाराशी आला.

दारात खुर्ची टाकून अण्णा बसले होते. मान छातीवर पडलेली, डोळे मिटलेले. त्यांच्या पायांपलीकडं उंबरा. विद्याधरनं धोतराचा सोगा धरला आणि उजवा पाय उचलला.

पाय उचललेला असतानाच त्याला आतलं दिसलं. स्वयंपाकघरात स्टुलावर चढून वसुधा भिंतीवरचं कॅलेंडर काढत होती. चहाच्या कुठल्याशा कंपनीचं जुनं कॅलेंडर, स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या वर्षाचं. वर हावड्याच्या पुलाचं रंगीत चित्र. तारखा केव्हाच संपल्या होत्या, तरी ते तिथंच होतं. विद्याधरची समजूत अशी की त्यामागं भिंतीचा गिलावा पडलाय, भोक झाकायला म्हणून वसुधा ते काढत नाही. गेल्या कित्येक दिवाळ्या तो म्हणत होता, की एकदा गवंड्याला बोलावू आणि ते भोक बुजवून टाकू.

वसुधानं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं. मागची भिंत धडधाकट होती. साधा पोपडासुद्धा निघालेला नव्हता. तिनं त्या चित्रावरची धूळ पदरानं पुसली, अगदी सावकाश, सुरळी केली, आणि स्वतःच्या चांगल्या लुगड्याच्या घडीत ठेवली.

विद्याधरचा पाय अधांतरी दुखायला लागला. तो त्यानं खाली ठेवला. मागं, गल्लीत.

तो खिडकीकडं वळला. "काय हवंय?" वसुधानं स्टुलावरून उतरत विचारलं.

"तपकिरीची डबी," तो म्हणाला. काहीतरी म्हणायला हवं होतं.

तिनं गजांतून डबी दिली. त्यानं ती घेतली, पण तो हलेना. मग म्हणाला, "त्या कॅलेंडरमागं भोक होतं ना गं?"

"भोक? नाही हो."

"मग इतकी वर्षं ते..."

"मला आवडायचं ते," वसुधा म्हणाली. "पेणहून निघाले ते मुलुंडला आले. मुलुंडाहून पुढं काय आहे ते बघायला मिळेल असं काही वाटलं नव्हतं. चित्र तर चित्र, म्हटलं." आणि ती पुन्हा ट्रंकेकडं वळली, कारण काम पडलं होतं.

विद्याधर ओट्यावर परत आला आणि संध्याकाळपर्यंत डबी न उघडता स्वतःच्या घराकडं बघत बसला. त्याला वाईट वाटत होतं, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. या बाईशी आपण दोन खोल्यांत इतका संसार केला, आणि तिच्या मनात एवढा थोरला पूल उभा आहे हे आपल्याला भिंतीतलं भोक वाटलं. कलकत्त्याची भीती गेली होती असं नाही. ती होती तिथंच होती. पण आता तिच्यापेक्षा मोठं काहीतरी शेजारी येऊन बसलं होतं, त्यामुळं ती लहान दिसू लागली. गुणाजीनं सोंगट्यांचा पट मांडला तेव्हा विद्याधर त्याच्याशी दोन डाव खेळला, आणि दोन्ही हरला. विमलाबाईंचा गुळाचा चहासुद्धा त्यानं मागून घेतला.

शनिवारी दुपारी तो आंघोळ करून, कोटाची सगळी बटणं लावून ओट्यावर तयार बसला. मोठं सामान आदल्या दिवशीच लॉरीनं बोरीबंदरला गेलं होतं. आता घोडागाडी येणार, वसुधा आणि अण्णा तिच्यात बसणार, गाडी इकडं वळणार आणि प्रस्थान उचलून स्टेशनकडं जाणार. असं ठरलं होतं. साहेबाला काय सांगायचं याचा तो आता विचारही करत नव्हता. उलट ऑफिसच्या मंडळींना हार मोठे आणायला सांगायला हवं होतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

घोडागाडी आली. ट्रंक चढली, वळकटी चढली. अण्णा पुढं बसले. वसुधानं दाराला कुलूप लावलं, किल्ली चाळीच्या मालकाकडं दिली आणि ती मागं बसली. मग गाडीवाल्यानं घोडा वळवला, तो पश्चिमेला. गाडी टपटप करत गल्लीच्या तोंडाशी गेली आणि दिसेनाशी झाली.

विद्याधर बसून राहिला. त्याला वाटलं, तिकडून वळसा घालून येतील.

गुणाजी बाहेर आला. त्यानं गल्लीकडं पाहिलं, मग विद्याधरकडं पाहिलं. "सायबानू," तो शांतपणे म्हणाला, "तुमची गाडी गेली. तुमका इसरली."

मग मात्र मुलुंडकरांनी जे पाहिलं ते ते पुष्कळ दिवस सांगत होते. कोट घातलेला, एका खांद्यावर पंचा, एका हातात दाढीचं सामान आणि दुसऱ्या हातात तपकिरीची डबी घेतलेला विद्याधर रिसबूड धोतर सावरत स्टेशनकडं धावत होता. मागून गुणाजी नारळ घेऊन. (प्रस्थानाचा नारळ राहून चालत नाही असं त्याचं म्हणणं.) स्वतःच्या घरावरून जाताना विद्याधरनं तिकडं मान वळवूनही पाहिलं नाही. मोडायचं नव्हतं त्याला काही आता. वाटेत भाजीवाल्यानं विचारलं, "काय रिसबूड, कुठं?" आणि विद्याधर न थांबता ओरडला, "कलकत्त्याला!" हा शब्द इतक्या मोठ्यानं तो पहिल्यांदाच बोलला होता.

प्लॅटफॉर्मवर वसुधा ट्रंकेवर बसली होती. शेजारी अण्णा काठीवर हनुवटी टेकून. त्याला बघून दोघांपैकी कुणीच दचकलं नाही.

"मला टाकून निघालात?" धापा टाकत विद्याधर म्हणाला. "प्रस्थान उचलून आणायचं असतं ना?"

"अण्णा तसंच म्हणत होते," वसुधा म्हणाली. "मीच नको म्हटलं. सामान असतं ते उचलून आणायचं. माणूस आपल्या पायांनी येतो का ते बघू या, म्हटलं. तुम्हाला यायचं नव्हतं हे काय मला कळलं नाही?"

"कशावरून?"

"तिकिटं आणायच्या आदल्या दिवशी पंचांग खुंटीला उलटं टांगलं होतंत तुम्ही."

विद्याधरनं पंच्यानं तोंड पुसलं. "आणि मी आलो नसतो तर?"

"तर मी आणि अण्णा पूल बघून परत आलो असतो." तिनं रुमालाची गाठ सोडली आणि बोरीबंदरची तीन तिकिटं काढून एक त्याच्या हातावर ठेवलं. "पण तुमचं तिकीट काढून ठेवलं होतं."

ते तिकीट हातात धरून विद्याधर उभा राहिला. त्याला तिला काहीतरी चांगलं म्हणायचं होतं. पण चांगलं म्हणायची सवय नसली की वेळेवर सापडत नाही, म्हणून त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली. तिनं ती घेऊ दिली. गुणाजीनं नारळ अण्णांच्या मांडीवर ठेवला आणि डोळे पुसत तो तोंड फिरवून उभा राहिला, कारण आता संध्याकाळी सोंगट्या कुणाशी खेळायच्या हा प्रश्न त्याचा एकट्याचा होता.

गाडी आली. तिघंही चढले, सामान चढलं, दुपारची वेळ म्हणून बसायला जागाही मिळाली. मुलुंड मागं पडलं. विद्याधरला वाटलं तेवढं काही दुखलं नाही. नाहूरच्या बाजूची शेतं दिसू लागली तेव्हा तर त्याला आपण चांगले धाडसी आहोत असंच वाटायला लागलं. जुन्या चुकीची भरपाई म्हणून त्यानं अण्णांकडं वळून मनापासून म्हटलं, "अण्णा, खरं सांगू? प्रस्थान लाभलं हो. आता मात्र पंचांगावर माझा विश्वास बसला."

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. "ही गाडी कुठं चाललीय रे?"

"बोरीबंदरला."

"बोरीबंदर मुलुंडाच्या कुठल्या दिशेला?"

"दक्षिणेला."

"आणि दक्षिणेला शनिवारी दिशाशूळ असतो का? वाचलंयस ना तू आता पंचांग?"

विद्याधरनं आठवून पाहिलं. दक्षिणेला गुरुवारी. शनिवारी दक्षिण मोकळी होती. साफ मोकळी. पूर्वेकडच्या कल्याणला मेल पकडली असती तर गोष्ट वेगळी, पण बोरीबंदरचा हट्ट त्याचा स्वतःचाच होता. "म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "प्रस्थान ठेवायची गरजच नव्हती?"

"मुळीच नव्हती."

"मग अण्णा, मला तीन दिवस गुणाजीकडं कशाला ठेवलंत?"

वसुधानं पदर तोंडाला लावला आणि ती खिडकीकडं वळली. अण्णांनी चष्मा काढला, उपरण्यानं डोळे टिपले, अगदी त्या दिवशी टिपले होते तसेच, आणि म्हणाले, "तू घरात असतास तर सामान बांधून झालं असतं का?"